बी.ए.च्या वर्गात, दहावीच्या बाकावर

आम्ही दोघी जावा. राहणार पेठ वडगाव, तालुका हातकणंगले. थोरलीची शाळा सातवीनंतर सुटली. धाकटी २००८ साली दहावीला गणितात राहिली. मग लग्न, मुले आणि दुसऱ्याच्या रानातली भांगलण. वही-पेन्सिल फक्त मुलांच्या दप्तरात दिसायची.

२०२१ साली नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची माहिती मिळाली. १९८९ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने शाळा अर्धवट राहिलेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम ठेवला होता. तो पास झाले की बी.ए.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश. आम्ही तो पास झालो. २०२२ मध्ये बी.ए.ला नाव घातले. सासूबाई म्हणाल्या, "आता शिकून काय कलेक्टर हुणार हैसा व्हय?" पण रविवारी अभ्यासकेंद्रावर निघालो की भाकरी त्याच थापून द्यायच्या. विहारात पौर्णिमेला आमचे कौतुक झाले. आम्हीही जरा ताठ चालू लागलो.

२०२३ साली अंगणवाडी सेविकेच्या जागेची जाहिरात आली. वय ३५ पर्यंत. थोरलीचे वय उलटून गेले होते, धाकटीचे बसत होते. कागद घेऊन दोघी गेलो. टेबलावरच्या माणसाने विचारले, "बारावीचं गुणपत्रक?"

"आम्ही बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहोत," आम्ही सांगितले.

"ते असू दे. बारावी झालीय का?"

बारावी नव्हती, दहावीही नव्हती. अर्ज परत मिळाला. प्रवेश घेताना हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते आणि आम्हीही विचारले नव्हते. बसस्टँडपर्यंत दोघी एक शब्द बोललो नाही. त्या रात्री बी.ए.ची पुस्तके बांधून माळ्यावर टाकायचे ठरले होते. थोरलीचे मालक गवंडी. ते म्हणाले, "पाया राहिला म्हणून कुणी भित पाडत न्हाई. खालनं पाया भरून घेत्यात."

मग चौकशी केली. राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसता येते. त्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. पाचवी पास असले तरी चालते. शाळा सोडल्याचा दाखला मात्र लागतो. थोरलीचा दाखला हरवलेला. माहेरच्या शाळेत दोन खेपा घातल्या. दाखल्यावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. त्यासाठी आणखी कागद. दिवसाची मजुरी बुडाली, पण दोघींचे फॉर्म मुदतीत गेले.

त्या वर्षी आमच्या घरात एका कोनाड्यात बी.ए.ची पुस्तके आणि दुसऱ्यात दहावीची. थोरलीचा मुलगा पुढच्या वर्षी दहावीला जाणार होता. तो आईला बीजगणित शिकवायचा आणि चुकले की मास्तरासारखा ओरडायचा. मार्च २०२४ मध्ये परीक्षा. केंद्राच्या दारात एका पोरीने विचारले, "मावशी, कुणाला सोडायला आलाय?" आम्ही हॉलतिकीट दाखवले. ती लाजली, मग तिनेच आमचा वर्ग शोधून दिला.

धाकटी पास झाली. थोरलीचे गणित राहिले. गल्लीत कुजबूज झाली, "बी.ए.ची बाई दहावीत नापास." ती दोन दिवस बाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा वही काढली. जुलैच्या पुरवणी परीक्षेत गणित सुटले. तिला आता ती नोकरी मिळणार नाही, हे ठाऊक असूनही ती बसली होती. मुलाच्या शाळेच्या कागदावर 'आईचे शिक्षण' हा रकाना ती आजवर मोकळा सोडायची. तो तिने स्वतःच्या हाताने भरला.

जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरदारांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. पोटासाठी राबणाऱ्या माणसाची वेळ त्यांनी ओळखली होती. अमेरिकेतही कम्युनिटी कॉलेजे आहेत. तिथे अनेक ठिकाणी मोठी माणसे शाळेचा राहिलेला दाखला आणि कॉलेजचे विषय एकाच आवारात पुरे करतात. आपल्याकडे दोन दारे वेगळी आहेत. दोन्ही ठोठवावी लागतात.

म्हणून भगिनींनो, एवढेच सांगणे. मुक्त विद्यापीठात जरूर जा, पण दहावी-बारावी राहिली असेल तर तीही सोबत करा. प्रवेशाआधी विचारा की या कागदावर पुढे काय मिळेल आणि काय मिळणार नाही. गणिताची धास्ती असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी आहे. तिथे गणित न घेताही पाच विषय निवडता येतात आणि ते पाच वर्षांत सवडीने सोडवता येतात. नियम बदलतात, तेव्हा केंद्रावर जाऊन स्वतः खात्री करा.

दहावीनंतर दोन वर्षांचे अंतर ठेवून बाहेरून बारावीला बसता येते. आमचा पुढचा फॉर्म तोच. धाकटीच्या हाती वर्षे थोडी आहेत. थोरलीला वयाची अट आता उरलेली नाही. तरी बाकावर दोघीही बसणार आहोत.

जयभीम.