मपलं घर

मैत्रिणींनो, हातात लाल शाईचं पेन आलं की माणसाला वाटतं, जगातल्या सगळ्या चुका आपल्यालाच दिसतात. मलाही तसंच वाटायचं. ते पेन एकदा कसं माझ्यावरच उलटलं, ते सांगते.

मी मूळची पुण्याची, पेठेत वाढलेली. बी.ए. झाले आणि लग्न होऊन लोणावळ्याजवळच्या औंढ्याला आले. घरचं आवरून आठवड्यातून चार दिवस शाळेत मराठीचे आणि भूगोलाचे तास घेते. गेल्या वर्षी पाचवीच्या मुलांना 'माझे घर' हा निबंध दिला होता. एका मुलीनं सुरुवातच केली होती, 'मपलं घर डोंगराच्या पायथ्याला हाय.' मी 'मपलं'वर रेघ मारली, 'हाय'वर मारली, पुढच्या 'पानी'वरही मारली. वही कशी रक्तबंबाळ दिसायला लागली.

संध्याकाळी जेवताना हसत हसत घरात सांगितलं. धाकटा खो खो हसला. सासूबाई हसल्या नाहीत. पानातला भात त्यांनी नुसता चिवडला. नंतर माझ्या लक्षात आलं, त्या माझ्याशी जपून बोलायला लागल्या होत्या. 'मपला चष्मा कुठं हाय' म्हणायच्या जागी जरा थांबून 'माझा चष्मा' म्हणायच्या. आणि थांबावं लागतं म्हणून हळूहळू बोलणंच कमी झालं. तुम्हीच सांगा, चाळीस वर्षं ज्या घराला बोलतं ठेवलं, त्या घरात त्या बाईला असं चाचरत बोलावं लागावं?

पण तेव्हा एवढं कुठं कळत होतं! आमच्यामागे शेताच्या वाटणीचं लचांड लागलं होतं. लोणावळ्याच्या आसपास जमिनीला सोन्याचा भाव आला आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. चुलत दिरांना त्यांचा हिस्सा वेगळा करायचा होता. मी आणि 'हे' कागदासाठी वडगावला खेपा घालत होतो.

मावळ तालुक्याचं ठाणं वडगावला. इथंच 1779 साली मराठ्यांनी इंग्रजांना तह करायला लावला. लोकलमध्ये खिडकीशी बसलं की तासाभरात सगळा मावळ समजतो. मळवलीला उजव्या हाताला लोहगड-विसापूर आणि भाजे, डाव्या हाताला कार्ल्याचा डोंगर. कामशेतला एक वाट नाणे मावळात जाते, दुसरी पवन मावळात, पवनेच्या धरणाकडे. कान्ह्याहून टाकव्याकडे वळलं की आंदर मावळ. प्रत्येक खोऱ्याची नदी वेगळी आणि मध्ये डोंगराची भिंत. पावसाळ्यात पूर्वी एका खोऱ्यातली लेक दुसऱ्या खोऱ्यात दिली, तर दिवाळीपर्यंत माहेर दिसायचं नाही, असं सासूबाई सांगतात. मग बोलणं खोऱ्याखोऱ्याला थोडं बदलणारच की!

लोक म्हणतात, मावळतीचा मुलूख तो मावळ. पण कार्ल्याच्या लेण्यातल्या सातवाहनांच्या शिलालेखात इथल्या मुलखाचं नाव मामाड, मामाल असं येतं. लेण्यातल्या भिक्षूंना गाव दिल्याचा तो हुकूम इथल्या अंमलदाराला उद्देशून आहे. म्हणजे जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीही हा एक महालच होता, आणि जमिनीचा हुकूम तेव्हाच्या प्राकृतात लिहिला गेला, संस्कृतात नव्हे. 2024 साली मराठीला अभिजात दर्जा मिळाला, तेव्हा शाळेत मी प्राकृतावर चांगलं वीस मिनिटं बोलले. घरातल्या मावळी बोलीवर मात्र एक शब्द नाही!

तर मोजणीचा दिवस उजाडला. मोजणीदारांनी गटाची बाहेरची हद्द बिनचूक दाखवली. आतला पोटहिस्सा मात्र कागदावर नव्हताच. सातबारा आता मोबाईलवर दिसतो, पण त्यात गट नंबर, क्षेत्र आणि नावं. आमच्याकडे आजेसासऱ्यांच्या वेळचा वाटणीचा एक जुना कागद होता. त्यात लिहिलं होतं, 'राबाच्या तुकड्यावरची दोन खाचरं थोरल्याची, खालची तीन धाकट्याची.' राबाचा तुकडा कुठला? आमच्याकडे राब भाजणं बंद होऊन कैक वर्षं झालेली. 'हे' एक बांध दाखवायचे, चुलत दीर दुसरा. आवाज चढायला लागले.

तेवढ्यात सासूबाई काठी टेकत आल्या. मला बघितलं आणि जपून म्हणाल्या, "तो... तो तुकडा तिथे नाही..." पुढं शब्दच फुटेना. मोजणीदार घड्याळ बघायला लागले. मला एकदम लाजल्यासारखं झालं. म्हटलं, "आत्या, तुमच्या बोलीत सांगा हो. आपल्या घरात बोलता तसं."

मग काय! "ह्यो न्हवं, त्यो वरला. हितं आमी राब भाजायचो. शेन, पालापाचोळा, फांद्या, वर माती. पाऊस यायच्या आदी भाजायचं, मंग त्यात भात पेरायचा. आवनाला तरवा हितूनच निघायचा. उकरून बघा वाईच." चुलत दिरांनी कुदळीनं वीतभर उकरलं. खालची माती काळी निघाली आणि त्यात कोळशाची बारीक कणी.

मैत्रिणींनो, त्या खुणेनं आमचं अर्धं खाचर गेलं, बरं का. 'ह्यां'चा चेहरा पडला. सासूबाई त्यांना एवढंच म्हणाल्या, "जे मपलं न्हाय, ते न्हाय." चुलत दीर खाली वाकून त्यांच्या पाया पडले. दोन्ही घरांत कोर्टकचेरी व्हायची होती, ती त्या एका वाक्यानं टळली. आणि तोच शब्द मी लाल शाईनं खोडला होता!

पुढं शाळेत नववीला आल्प्स पर्वत शिकवायचा म्हणून वाचत होते. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन प्रांतात अशीच खोरी आणि त्यांत रोमान्श नावाची जुनी भाषा. बोलणारे थोडे, पण लिहायच्या तऱ्हा पाच! 1938 साली तिथल्या मतदारांनी भरघोस मतांनी तिला देशाची चौथी राष्ट्रीय भाषा मानलं. 1982 साली सगळ्यांसाठी एक लेखी प्रमाण रूप तयार झालं, कारभाराला ते सोयीचंही. पण व्हाल म्युस्टाइर खोऱ्यात शाळेत ते लागू केलं, तेव्हा लोकांना ते परकं वाटलं. 2009 मध्ये याच खोऱ्यातल्या सहा गावांनी एक होऊन एकच ग्रामसंस्था केली होती. कारभार एक करायला ते तयार झाले, पण 2012 साली मत देऊन मुलांचं पहिलं लिहिणं-वाचणं त्यांनी पुन्हा आधीच्या, सवयीच्या लेखी रूपात आणलं. वाचता वाचता मला ती रक्तबंबाळ वही आठवली.

प्रमाण मराठी नको, असं मी म्हणत नाही. अर्ज लिहायला, परीक्षेला, वडगावच्या कचेरीत ती लागतेच, आणि ती मी मुलांना नीट शिकवणारच. पण ती शिकवताना घरची बोली चूक आहे असं मुलांच्या मनात भरवायचं काय कारण? दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीची वही मागून घेतली. रेघांच्या शेजारी लिहिलं, 'घरी मपलं, परीक्षेत माझं. दोन्ही बरोबर.' ती वाचून अशी हसली म्हणता!

तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल, तर एक करा. लोणच्या-पापडाची मापं लिहिता, त्याच वहीत त्यांच्या तोंडची शेतांची नावं, बांधांची, विहिरींची, भाताच्या कामांची नावं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. दुपारी भांडी आवरली की दहा मिनिटं पुरतात. आमची वही सुरू झाली आहे. सासूबाई सांगतात, मी लिहिते. परवा मध्येच थांबून म्हणाल्या, "मास्तरीनबाई, लाल पेन कुठं ठेवलंस तुपलं?"

म्हटलं, "आत्या, मपलं पेन शाळेत ऱ्हायलं."