उभ्या गाडीचा कागद

व्हील अलाइनमेंट करून घेतलं की दुकानदार हातात एक छापील कागद देतो. आधीचे आकडे एकीकडे, नंतरचे दुसरीकडे. मर्यादेत बसलेले हिरवे, बाहेर गेलेले लाल. कॅम्बर, कास्टर, टो, म्हणजे चाकाच्या कलाची आणि वळणाची मापं. सगळं हिरवं झालं की गाडी रॅम्पवरून उतरते, आपण पैसे देतो आणि निघतो. यंत्र नीट राखलेलं असेल तर तो कागद खरं बोलतो, पण बोलतो ते उभ्या गाडीबद्दल. सपाट रॅम्प, बंद इंजिन, निवांत चाकं. मूळ उंचीच्या गाडीला एवढी माहिती पुरते, कारण चालत्या गाडीचा हिशोब ती बनवणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेला असतो. गाडी लो केली की तो हिशोब विस्कटतो. कागद मात्र तरीही हिरवागार येऊ शकतो.

माझ्या भाच्याच्या गाडीचं असंच होतं. जुनी पेट्रोल सेडान, कोइमतूरजवळच्या करी मोटर स्पीडवेवर पळवायची म्हणून हौसेने तयार केलेली. आखूड स्प्रिंगा घालून त्याने ती चाळीस मिलिमीटर खाली आणली, अलाइनमेंट करून घेतलं आणि तक्रार घेऊन माझ्याकडे आला. ‘मामा, सरळ पळताना एक नंबर आहे. पण जोरात ब्रेक मारला की नाक जागेवर राहत नाही. मी स्टेअरिंग हलवत नाही, तरी गाडीच वळायला बघते.’

त्याला वाटत होतं, काहीतरी ढिलं झालं असणार. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, स्टेअरिंग रॅकचे बुश, सगळं आम्ही हलवून पाहिलं. ढिलं काहीच नव्हतं. प्रत्येक भाग आपलं काम चोख करत होता, फक्त वेगळ्या कोनातून.

पुढच्या चाकाला बाजूने धरून ठेवणाऱ्या आडव्या काड्या दोन: खालचा लोअर आर्म आणि स्टेअरिंगचा टाय रॉड. चाक वरखाली होतं तेव्हा दोन्हींची बाहेरची टोकं कमानीत फिरतात. दार अगदी थोडं उघडलं तर त्याची कड चौकटीतून जवळजवळ सरळ पुढे येते, आणि जसं जास्त उघडावं तशी ती बाजूला सरकू लागते, तसंच इथे. टाय रॉड ३०० मिलिमीटरचा आणि आडवा आहे असं धरा. चाक १० मिलिमीटर वर गेलं तर त्याचं टोक आत सरकतं ते मिलिमीटरचा जेमतेम सहावा हिस्सा. आता गाडी ४० मिलिमीटर खाली बसवली. रॉड आधीच तिरका. तिथून पुढे चाक तेवढंच, १० मिलिमीटर वर गेलं तर टोक दीड मिलिमीटर आत येतं. हालचाल तीच, परिणाम नऊपट. लोअर आर्मही असाच तिरका झालेला असतो, पण त्याची लांबी वेगळी, बिजागरीची जागा वेगळी, त्यामुळे त्याची कमानही वेगळी. या दोन कमानींमधला फरक चाकाला वळवतो. मेकॅनिक लोक याला बंप स्टिअर म्हणतात. भाच्याच्या गाडीत रॅक ॲक्सलच्या मागे आहे. रॉडने चाकाची मागची बाजू आत ओढली की पुढची बाहेर जाते. ब्रेक मारला, नाक दबलं, दोन्ही चाकं टो आउट झाली. मग ज्या चाकाला रस्त्याची पकड कणभर जास्त, त्या बाजूला गाडी निघाली.

स्टेअरिंगची भूमिती मोटारीपेक्षा जुनी आहे. वळणावर आतलं चाक लहान वर्तुळात फिरतं आणि बाहेरचं मोठ्या, म्हणून दोघांनी वेगवेगळ्या कोनात वळावं, हे म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर नावाच्या बग्गी बनवणाऱ्याने १८१७ मध्ये मांडलं. त्याच्या वतीने १८१८ मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं ते रुडॉल्फ ॲकरमनने, आणि नाव ॲकरमनचंच राहिलं. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांवर आणखी एकाचं नाव आहे: अर्ल मॅकफर्सन. १९५० च्या फोर्ड कॉन्सलमध्ये त्याची मांडणी आली आणि पुढे जगभर पसरली. तिच्यात वरचा आर्म नाहीच. एकच उभा स्ट्रट स्प्रिंग धरतो, शॉकॲब्सॉर्बर होतो, वरच्या आर्मची जागा घेतो आणि चाक वळतं तो आसही तोच. कमी भाग, कमी खर्च, इंजिनला भरपूर जागा. मला ही मांडणी फार देखणी वाटते. पण एकेका भागाकडे इतकी कामं दिली की एकाला हात लावला तर बाकीच्यांनाही लागतोच. उंची बदलायची म्हणून स्प्रिंग बदलली, आणि कॅम्बर, टो, रोल सेंटर सगळंच हललं.

रोल सेंटरचं दुखणं तर डोळ्यांना दिसतच नाही. वळणावर गाडीचं अंग ज्या बिंदूभोवती कलतं तो हा बिंदू. अशा गाडीत तो लोअर आर्मच्या कोनावर ठरतो. आर्मचं बाहेरचं टोक आतल्यापेक्षा वर गेलं की तो झपाट्याने खाली पडतो, गाडीचा गुरुत्वमध्य जितका उतरला त्याहून बराच जास्त. दोघांतलं अंतर वाढलं की कलवणारा जोर वाढतो. म्हणजे कमी कलावी म्हणून गाडी खाली घ्यायची आणि तीच गाडी जास्त कलायला बघणार. मग लोक आणखी कडक स्प्रिंगा शोधतात. गॅसने स्प्रिंग तापवून गाडी बसवणारेही आहेत, आणि ते मला अजिबात मान्य नाही. स्प्रिंगच्या पोलादाचं पाणी उतरवून त्यावर माणसं बसवणं हा जिवाशी खेळ आहे. रस्त्यावरची गाडी तर खाली घेण्याचा खटाटोपच करू नये असं माझं मत. इंडियन रोड्स काँग्रेसने ठरवलेला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच. आपल्या गल्लीतले गतिरोधक ते माप बघून बांधलेले नसतात.

भाच्याच्या गाडीचं काम घरी करायचं ठरलं, त्यामागे पैसे वाचवणं हे कारण नव्हतं. दुकानात गाडीला मिळतो अर्धा तास, आणि चाक वरखाली करत प्रत्येक टप्प्याला मोजायला अर्धा तास पुरत नाही. घरी वेळच वेळ होता. हत्यारं निघाली ती मात्र गवंड्याची. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथून ओळंबा, लाइनदोरी आणि पाणी भरलेली पारदर्शक नळी मागून आणली. नळीने पार्किंगची फरशी पाहिली तर उजवा पुढचा कोपरा चांगला सहा मिलिमीटर खाली. त्या चाकाखाली प्लायचे तुकडे घातले. चारी चाकं एका पातळीत आल्याशिवाय पुढचं कुठलंच माप खरं नसतं, आणि घाईच्या कामात नेमकं हेच राहून जातं. पुढच्या चाकांखाली दोन-दोन गुळगुळीत टाइल्स, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक अडकून न राहता आपल्या जागी बसतं. ड्रायव्हरच्या सीटवर भाच्याच्या वजनाइतकी वाळूची पोती.

मग गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या मध्याच्या उंचीवर दोऱ्या ताणल्या. डावी-उजवीकडे सारख्या अंतरावर, गाडीच्या मध्यरेषेला समांतर. रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर आणि मागच्या कडेपासूनचं, या दोहोंतला फरक म्हणजे त्या चाकाचा टो. रिमच्या वरच्या कडेवरून ओळंबा सोडला की कॅम्बर कळतो. साधारण ३५० मिलिमीटरच्या रिमवर सहा मिलिमीटर म्हणजे एक अंश. दोरीने आलेले आकडे दुकानाच्या कागदाशी जवळजवळ जुळले. कागदाला कमी लेखू नये. टोमध्ये एका चाकाचा दीड मिलिमीटर म्हटलं तर क्षुल्लक वाटतो, पण तेवढ्यानेही टायर दर किलोमीटरला चार मीटरच्या आसपास आडवा घासला जातो. टायर खातोय म्हणतात ते हेच.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. स्ट्रटमधून स्प्रिंग काढली, गाडी भक्कम स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये), लोअर आर्मखाली जॅक लावला. स्टेअरिंग सरळ ठेवून बांधून टाकलं. हब फिरू नये म्हणून ब्रेकचं पेडल काठीने दाबून धरलं. हबवर लेझर घट्ट बसवला, त्याचा झोत तीन मीटरवरच्या भिंतीकडे, आणि भिंतीवर चिकटवला मोठा कागद. चाक दहा-दहा मिलिमीटर वर उचलत जायचं आणि लाल ठिपका पडेल तिथे पेन्सिलने खूण करायची. चाक वर जातं तसा ठिपकाही वर चढतो. चाक स्वतःहून वळत नसेल तर सगळ्या खुणा ओळंब्यात याव्यात. रिमवरचा एक मिलिमीटर तीन मीटरवर साडेआठ मिलिमीटर होऊन दिसतो, त्यामुळे लपायला जागाच नाही.

आमच्या खुणा खालच्या तीन-चार टप्प्यांत बऱ्यापैकी सरळ चढल्या, पुढे झुकायला लागल्या, आणि वरच्या टोकाला ओळ दोन बोटांहून जास्त बाहेर गेली. भाचा पेन्सिल हातात धरून बघत राहिला. ‘म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक इथं असतंय,’ असं म्हणत त्याने वरच्या खुणेवर बोट ठेवलं, ‘आणि अलाइनमेंट झालं होतं इथं,’ म्हणून खालच्या.

यावर इलाज दोन: रॅक वर उचलायचा, किंवा टाय रॉडचं बाहेरचं टोक खाली आणायचं. त्याच्या गाडीत रॉड स्टेअरिंग आर्मच्या खाली बसतो, म्हणून दुसरा इलाज सोयीचा. मूळ टाय रॉड एंडच्या जागी टेपर असलेला लांब स्टड, त्यावर स्पेसर आणि खाली रोझ जॉइंट. स्टड कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतला, ईएन २४ पोलादाचा, उष्णोपचार केलेला. तिथल्या टर्नरने आधी जुना टाय रॉड एंड मागून घेतला, त्याचा टेपर मोजला आणि मगच लेथला हात लावला. नवा स्टड तयार झाल्यावर त्याच्या टेपरवर निळा रंग पातळ पसरला, आर्मच्या भोकात बसवून थोडा फिरवला, बाहेर काढला. वरच्या अर्ध्या भागातला रंग पुसला गेला होता, खाली तसाच होता. म्हणजे टेपर अर्धाच टेकत होता. त्याने तो पुन्हा घेतला, पुन्हा रंग लावला. रंग सगळीकडे सारखा पुसला गेल्याशिवाय त्याने स्टड आमच्या हातात दिला नाही. स्टेअरिंगच्या कामात मला असाच माणूस हवा असतो. स्पेसर जितका लांब तितका स्टडला वाकवणारा जोर जास्त, आणि टेपर पूर्ण बसला नसेल तर तो जोर एका कडेवर येतो. तिथूनच तडा जातो.

स्पेसरची जाडी भिंतीनेच ठरवली. प्रत्येक वेळी वेगळी जाडी, नवा कागद, पुन्हा सगळ्या खुणा. एका जाडीला ओळ कमी झुकली, पुढच्या जाडीला जवळपास सरळ झाली, त्याहून जाड घातला तर ती उलट्या बाजूला वाकू लागली. मधला ठेवला. तरी वरच्या टोकाला थोडं वळण राहिलंच, आणि स्पेसरने ते जाणार नव्हतं, कारण रॉडची लांबी तीच होती. तेव्हा मी भाच्याला म्हटलं, गाडी पंधरा मिलिमीटर वर घे. त्याला ते पटलं नाही. चाकाच्या कमानीतली फट त्याला पुन्हा दिसायला नको होती. मी भिंतीवरचा कागद खाली सरकवून दाखवला: पंधरा मिलिमीटर वर घेतलं तर ब्रेकमध्ये चाक पोचेल ते या सरळ भागापर्यंतच, वाकड्या भागाला शिवणारच नाही. शिवाय लोअर आर्म आडवा होण्याकडे आला की रोल सेंटरही थोडं सावरतं. बराच वेळ तो बोलला नाही. मग स्वतःच पान्हा घेऊन स्प्रिंगच्या बैठकीकडे वळला.

उंची बदलली, म्हणून दोरी पुन्हा ताणली, टो पुन्हा लावला, लॉक नट घट्ट केले, कॅसल नटमध्ये नवी कॉटर पिन घातली. रोझ जॉइंटच्या खाली मोठा वॉशर बसवला, म्हणजे आतला गोळा निसटला तरी रॉड गळून पडणार नाही. धूळ-पाण्यात हे सांधे लवकर झिजतात, म्हणून ते ट्रॅकच्या गाडीपुरतेच ठीक, आणि तिथेही प्रत्येक वेळी हाताने हलवून बघायचे. डाव्या आणि उजव्या चाकाच्या ओळी अजून तंतोतंत सारख्या नाहीत. उजवी किंचित आधी वाकते. रॅक एका बाजूला थोडा खाली बसला असावा असं मला वाटतं, भाच्याला शंका आहे लोअर आर्मच्या बुशची. आधी बुश बदलून कागद लावायचा ठरलाय, कारण ते स्वस्त आहे आणि रॅक न सोडता होतं.