आधी त्याचं बोलणं पुरं होऊ दे

चि. मनू,


तुझ्या शनिवारच्या वर्गाचं रेकॉर्डिंग सावकाश पाहिलं. न्यू जर्सीतली ही मुलं सुट्टीच्या सकाळी मराठीसाठी पडद्यासमोर येऊन बसतात, याचं मला फार अप्रूप आहे. पण एका जागी मी अडले. एक मुलगा आजी आल्याची हकीकत सांगत होता. तो म्हणाला, 'मी लाडू खाल्लो', तू लगेच म्हणालीस, 'खाल्ला'. तो म्हणाला, 'मी आजीला मिठी मारलो', तू म्हणालीस, 'मारली'. आणखी एक दुरुस्ती झाली, तसा तो 'बस, एवढंच' म्हणाला आणि त्याने माइक बंद केला. पुढे काय झालं ते कुणालाच कळलं नाही. मनू, मला ते लागलं.

त्याची चूक आळसाची नाही, विचाराची आहे. 'मी आलो', 'मी बसलो', 'मी मराठी शिकलो', 'मी दूध प्यालो', 'मी दप्तर विसरलो' हे सगळं त्याच्या कानावर पडलेलं आहे. त्यावरून 'मी' आला की 'लो' लावायचा, असा नियम त्याने स्वतःच बसवला. आता खाणं, मारणं, वाचणं ही क्रियापदं भूतकाळात कर्माप्रमाणे बदलतात: लाडू खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं. आणि शिकणं, पिणं, विसरणं यांना कर्म असूनही ती कर्त्याच्या मागे जातात. त्याच्या इंग्रजीत क्रियापद यातलं काहीच करत नाही. शिवाय लाडू पुल्लिंगी आणि मिठी स्त्रीलिंगी, हेही आधी माहीत हवं. पुण्यातल्या मुलाला हे दिवसभराच्या ऐकण्यातून आपोआप येतं. आठवड्यातून एकदा तासभर मराठी बोलणाऱ्या मुलाला वेळ लागणारच.

तू विचारशील, मग चुका तशाच सोडून द्यायच्या का? मुळीच नाही. दुर्लक्ष केलं तर तेच 'खाल्लो' पक्कं होऊन बसतं. प्रश्न त्या कधी आणि कशा सुधारायच्या, एवढाच आहे. रॉय लिस्टर आणि लायला रांता यांनी कॅनडातल्या, फ्रेंचमधून शिकवणाऱ्या वर्गांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या शिक्षकांच्या निम्म्याहून अधिक दुरुस्त्या मुलाचं वाक्य नीट करून परत म्हणण्याच्या होत्या आणि मुलांकडून सर्वांत कमी प्रतिसाद त्यांनाच मिळाला. कारण उघड आहे. 'हो का, लाडू खाल्लास?' असं आपण म्हणतो तेव्हा आपण दुरुस्ती करत असतो, पण मुलाला वाटतं बाई खूश झाल्या. उलट शिक्षकांनी वाक्य अर्धवट सोडून योग्य रूप मुलाकडूनच काढून घेतलं, तेव्हा मुलं दर वेळी काही ना काही बोलली. म्हणून त्याचं बोलणं झाल्यावर 'मी लाडू...' एवढंच म्हण आणि थांब. उत्तर त्याच्या तोंडून येऊ दे.

पडद्यावरच्या वर्गात तर जास्तच जपावं लागतं. दोघं एकदम बोलले की एकाचा आवाज दबतो. नेट अडखळलं की शब्दाचं शेवटचं अक्षर गळतं आणि मराठीत खाल्ला, खाल्ली, खाल्लं यांतला सारा फरक त्या शेवटातच असतो. तेव्हा मुलगा चुकला की आवाज तुटला, याची खात्री झाल्याशिवाय दुरुस्ती करू नकोस. सरळ म्हण, 'पुन्हा सांगतोस?' कितीदा तरी दुसऱ्यांदा तो बरोबरच म्हणतो. चॅटमध्येही तसंच. रोमन अक्षरं दाबून देवनागरी उमटवताना 'पाणी'चं 'पानी' कीबोर्डसुद्धा करतो. ऱ्हस्व-दीर्घ तर तिथे काढूच नकोस. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ आणि १९७२ च्या शुद्धलेखन नियमांना वहीतल्या लिखाणात हवी तेवढी जागा आहे. चॅट वाहतं आहे, ते वाहू दे.

मात्र अर्थ बदलत असेल तर लगेच थांबव. 'उद्या आपण आजीकडे जाणार' असं मूल म्हणालं, तर तुलाही सोबत नेल्यासारखं होतं. इंग्रजीत 'आम्ही' आणि 'आपण' यांना एकच शब्द, म्हणून ही चूक सगळीच मुलं करतात. इथे हसत विचार, 'मीपण येऊ का?' फरक तिथल्या तिथे कळेल.

एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कॅमेऱ्याबाहेर बसलेले आई-बाबा हळूच उत्तर पुरवत होते, ते मला स्पष्ट ऐकू आलं. त्यांच्या मनातली कळकळ खरी आहे, पण मूल मग बाईंकडे बघत नाही, दाराकडे बघतं. त्यांना या आठवड्यातच चार ओळी लिही: वर्ग चालू असताना खोलीत थांबू नका, आणि रात्री जेवताना मुलाला दिवसभरातली एक गोष्ट मराठीत सांगू द्या, मध्ये न बोलता. तुझ्या तासापेक्षा ते जेवण मराठीला जास्त उपयोगी पडेल.

तुझी,
मावशी