या बाई कोण?

जुन्या बाजारात मिळालेला एका बाईंचा फोटो मी वर्गात दाखवला. नऊवारी, टपोरी नथ, वटारलेले डोळे!

"सर, यांच्या वर्गात कुणी गृहपाठ केला नसेल!"

"नाही रे, नथ टोचत असेल!"

हशाच हशा!

पण गंमत ऐका. १८३९ साली फोटोची कला जगापुढे आली, तेव्हा एका फोटोला कित्येक मिनिटं लागत. पुढेही बरीच वर्षं काही सेकंद पुतळ्यासारखं बसावं लागे. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी टेकू! हसू टिकणार कसं? आरशासमोर करून बघा.

एकीनं विचारलं, "सर, यांचं नाव काय?"

फोटोची पाठ कोरी होती. वर्ग गप्प झाला.

आज घरातले जुने फोटो काढा. आजीला नावं विचारा आणि मागे पेन्सिलीनं हलकेच लिहा.