राणीची दुसरी खेप

मित्रांनो, समजा शाळेच्या स्नेहसंमेलनात तुम्ही एक गाणं म्हटलंत. महिनाभर तालीम केली होती, नवा सदरा घातला होता. पण टाळ्या पडल्या त्या जेमतेम, त्याही आईबाबा बसले होते त्या कोपऱ्यातून. पुढच्या वर्षी पुन्हा नाव द्यायची वेळ आली, तर काय कराल? एक, नावच द्यायचं नाही. दोन, सगळ्यांना पाठ असलेलं सोपं गाणं निवडायचं, म्हणजे टाळ्यांची खात्री. आणि तीन, गेल्या वर्षीपेक्षाही अवघड असं, पण अगदी आपल्या मनासारखं काहीतरी करायचं. मग लोक म्हणोत काय म्हणायचं ते!

हा तिसरा रस्ता धरणाऱ्या चौघांची गोष्ट आज तुम्हाला सांगायची आहे. त्यांच्या बँडचं नाव 'क्वीन', म्हणजे राणी. आणि त्यांच्या दुसऱ्या अल्बमचं नाव सरळसोट 'क्वीन टू'. तो ८ मार्च १९७४ या दिवशी इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला.

आधी चौघांची ओळख करून घेऊ. आईबाबांनो, हा भाग तुम्हीही वाचा बरं का, कारण 'गाण्याच्या नादी लागलेली मुलं' म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या पडतात! गिटारवाला ब्रायन मे खगोलशास्त्राचा विद्यार्थी. बँडपायी त्याची पीएच.डी. अर्धवट राहिली, ती त्याने २००७ साली, साठीत, पूर्ण केली. ड्रमवाला रॉजर टेलर आधी दंतवैद्यक आणि मग जीवशास्त्र शिकला. बेस गिटार वाजवणारा जॉन डीकन इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर. आणि गायक फ्रेडी मर्क्युरी चित्रकलेच्या कॉलेजातून ग्राफिक डिझाइन शिकलेला. बँडचं मानचिन्हही त्यानेच काढलं.

हा फ्रेडी आपल्याला थोडा जवळचा. त्याचं खरं नाव फरोख बुलसारा. पारशी घरातला मुलगा. १९४६ साली झांझिबारला जन्मला, वडील तिथे सरकारी नोकरीत होते. आठ वर्षांच्या फरोखला शिकायला पाठवलं ते थेट आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात! तिथल्या सोबत्यांनीच त्याला 'फ्रेडी' म्हणायला सुरुवात केली. तिथे तो पियानो शिकला आणि 'द हेक्टिक्स' नावाच्या पाच मुलांच्या शाळकरी बँडमध्ये वाजवूही लागला. पुढे १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेलं. पाचगणीच्या थंडीत पियानोवर बोटं फिरवणारा मुलगा लंडनच्या स्टुडिओत पोचला तो असा.

आता पहिल्या खेपेची गोष्ट. बँडचा पहिला अल्बम जुलै १९७३ मध्ये आला. तो ध्वनिमुद्रित करताना त्यांना स्टुडिओ मिळायचा तो बड्या कलाकारांचं काम नसेल तेव्हा, बहुधा रात्री-अपरात्री. इतकं करून अल्बम आला, आणि काहीच झालं नाही. त्यातलं गाणं वेगळ्या तबकडीवर काढलं होतं, तेही खपाच्या यादीत कुठे दिसलं नाही.

यावर या चौघांनी काय केलं? लगेच पुढच्या महिन्यात, ऑगस्टमध्ये, ते लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत परत हजर झाले. या वेळी मात्र त्यांनी स्टुडिओची हक्काची वेळ मागून घेतली. आणि सोपं काही करण्याऐवजी डोक्यात होतं ते सगळंच्या सगळं टेपवर उतरवायचं ठरवलं.

हे 'उतरवणं' कसं चालायचं ते समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा आजच्यासारखे संगणक नव्हते. दोन इंच रुंदीच्या टेपवर शेजारी शेजारी सोळा पट्टे असायचे. एका पट्ट्यावर ड्रम, दुसऱ्यावर गिटार, तिसऱ्यावर गाणं, असं करत सोळा पट्टे भरले की संपलं! पण या मंडळींना एका ओळीसाठी पंचवीस-तीस आवाज हवे असायचे. मग करायचं काय? दिवाळीत फराळाचे डबे कमी पडले की आई काय करते? दोन-तीन डब्यांतला उरलेला चिवडा-फरसाण एका डब्यात ओतते, की बाकीचे डबे मोकळे. तसंच इथे. चार-पाच पट्ट्यांवरचे आवाज एका पट्ट्यावर एकत्र करायचे, आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर नवे आवाज भरायचे. फ्रेडी, ब्रायन आणि रॉजर हे तिघे एकच ओळ पुन्हा पुन्हा गायचे, एकदा वरच्या सुरात, एकदा खालच्या. ऐकताना वाटतं की चाळीस जणांचं गायकवृंद उभं आहे. प्रत्यक्षात माणसं तीन!

गिटारचंही तसंच. अल्बमच्या सुरुवातीला एक छोटी मिरवणूक येते. शब्द नाहीत. ऐकताना वाटतं व्हायोलिनं वाजताहेत; पण ती आहे ब्रायनची गिटार, थरावर थर चढवलेली. आणि ही गिटार दुकानातली नव्हे! ब्रायनने शाळेत असताना वडिलांच्या मदतीने ती घरीच बनवली. तिची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून कोरलेली, आत मोटरसायकलच्या स्प्रिंगा, आणि मानेवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. तार छेडायला तो सहा पेन्सचं नाणं वापरतो. अल्बमवर त्यांनी मुद्दाम छापलं होतं की यात कुणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही. इतके चमत्कारिक आवाज ऐकून लोकांना संशय येणार, हे त्यांना ठाऊक होतं!

तबकडीला दोन बाजू असतात. त्यांना ए आणि बी म्हणण्याऐवजी यांनी नावं दिली पांढरी आणि काळी. पांढऱ्या बाजूवरची गाणी ब्रायनची, शेवटचं तेवढं रॉजरचं. काळी बाजू संपूर्ण फ्रेडीची. तिथे राक्षसांची लढाई आहे, पऱ्या आहेत, काळी राणी आहे. लढाईच्या गाण्याची सुरुवात तर गंमतच आहे. गाण्याचा शेवट उलटा फिरवून सुरुवातीला जोडला आहे, त्यामुळे आवाज जणू मागे चालत आपल्याकडे येतो. दुसरं एक गाणं एका चित्रावर आहे. रिचर्ड डॅड नावाचा इंग्रज चित्रकार मनोरुग्णालयात राहत असताना १८५५ ते १८६४ या काळात एकच छोटं चित्र रंगवत होता. गवताच्या पात्यांमधून डोकावणारी इवली इवली माणसं, आणि मधोमध कुऱ्हाड उगारलेला एक लाकूडतोड्या. ते चित्र लंडनच्या टेट गॅलरीत आहे. फ्रेडी आपल्या सोबत्यांना तिथे घेऊन गेला आणि ते दाखवलं. चित्र पाहून गाणं ऐका, की कळतं एवढी गर्दी त्यात कशासाठी केली आहे.

अल्बम तयार झाला, पण बाहेर येईना. त्या हिवाळ्यात इंग्लंडमध्ये तेल आणि कोळसा दोन्हींची टंचाई होती. वीज वाचवण्यासाठी सरकारने १ जानेवारी १९७४ पासून कारखान्यांना आठवड्याचे तीनच दिवस वीज देण्याचा हुकूम काढला. भारनियमन आपल्याला नवं नाही, पण त्यापायी तबकड्या अडकल्या हे ऐकून हसू येतं. वर कव्हर छापताना झालेली चूक दुरुस्त करावी लागली, ते वेगळंच.

मग नशिबाने एकदा डोळा मिचकावला. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात डेव्हिड बोवी या मोठ्या गायकाची चित्रफीत दाखवायची होती. ती वेळेवर मिळाली नाही. रिकामी जागा भरायला कोण? हे चौघे! २१ फेब्रुवारीला ते टीव्हीवर दिसले आणि त्यांच्या गाण्याची तबकडी दोन दिवसांत घाईघाईने बाजारात आणली गेली. हे गाणं म्हणजे काळ्या बाजूचं शेवटचं, 'सेव्हन सीज ऑफ राय'. ते खपाच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत चढलं.

आणि अल्बम? संगीताच्या साप्ताहिकांत परीक्षणं आली. काहींनी कौतुक केलं. पण काहींनी असे कोरडे ओढले की विचारू नका. एकाने तर त्याला झगमगाटी रॉक संगीताचा तळाशी उरलेला गाळ ठरवलं. नुसता थाटमाट, आत काही नाही, असा एकंदर सूर.

पण ऐकणाऱ्यांनी काय केलं? त्यांनी तो विकत घेतला. 'क्वीन टू' इंग्लंडमध्ये पाचव्या क्रमांकावर पोचला. एवढंच नाही, तर ज्याला कुणी विचारलं नव्हतं तो पहिला अल्बमही लोकांनी मागे जाऊन शोधून काढला आणि चोविसाव्या क्रमांकावर नेऊन ठेवला! त्या मार्चच्या दौऱ्यात आणखी एक मजा झाली. बँड मंचावर यायला उशीर झाला की जमलेली पोरं चक्क इंग्लंडचं राष्ट्रगीत गायला लागायची, कारण त्यातही राणी होतीच ना! बँडला ते इतकं आवडलं की ब्रायनने ते राष्ट्रगीत गिटारवर बसवलं, आणि पुढे त्यांचा प्रत्येक कार्यक्रम त्यानेच संपू लागला. म्हणजे श्रोत्यांची थट्टा बँडची प्रथा झाली.

मी हा अल्बम पहिल्यांदा ऐकला तो मित्राकडून उसन्या आणलेल्या कॅसेटवर. खरं सांगू? काळी बाजू संपली तेव्हा कान भरून गेले होते आणि हाती काहीच लागलं नव्हतं. दुसऱ्यांदा ऐकला तेव्हा मागचे आवाज सुटे होऊ लागले. चौथ्या-पाचव्यांदा तर साडेसहा मिनिटांच्या काळ्या राणीच्या गाण्यात पुढे कोणतं वळण येणार, याची मी वाट बघू लागलो. त्या परीक्षणांत थोडं तथ्य आहे, असं मला आजही वाटतं. गर्दी आहेच, रॉजरचं गाणं तर माझ्या मते त्या पंगतीत जरा उपरंच. पण 'आत काही नाही' हे मात्र मला पटत नाही.

माझ्या सातवीतल्या भाचीला मी तो अलीकडे ऐकवला. काळ्या बाजूच्या मध्यावर तिने विचारलं, "मामा, हे एकच गाणं आहे की पाच-सहा?" (ताई आतून ओरडत होती, "अरे, आवाज कमी करा!") भाचीला आवडलं ते पांढऱ्या बाजूवरचं ब्रायनने स्वतः गायलेलं शांत गाणं. मला काळी बाजू, तिला पांढरी. आमचं अजून एकमत नाही.

गेल्या वर्षी तिने शाळेच्या हस्तलिखितासाठी एक कथा लिहिली होती. वर्गात कुणीतरी ती हसत हसत मोठ्याने वाचली. तेव्हापासून तिची वही कपाटात आहे. त्या दिवशी परीक्षणांची हकिगत ऐकून तिने हळूच विचारलं, "लोक असं बोलल्यावर त्यांनी काय केलं?"

मी तिला उपदेश केला नाही. फक्त तारखा सांगितल्या. टीका झाली मार्च १९७४ मध्ये. मे महिन्यात अमेरिकेच्या दौऱ्यावर ब्रायन काविळीने आजारी पडला, दौरा सोडून परतावं लागलं. तरी त्याच वर्षी नोव्हेंबरात तिसरा अल्बम आला आणि तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. १९७५ साली 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' आलं. त्या गाण्याच्या चित्रफितीत अंधारातून वर आलेले चार चेहरे दिसतात ना, ते 'क्वीन टू'च्या कव्हरवरचेच. मिक रॉक या छायाचित्रकाराने काढलेलं ते चित्र तिथे हलू-बोलू लागलं. ज्या गर्दीला लोक हसले होते, तीच गर्दी या गाण्यात सगळ्या जगाने डोक्यावर घेतली. गर्दी त्यांनी सोडली नाही, ती मांडायला मात्र ते शिकले.

भाची काही बोलली नाही. वहीचं काय करायचं ते तीच ठरवेल.

तुम्ही मात्र एक करा. हा अल्बम मिळवा आणि काळी बाजू मध्ये न थांबता, सलग ऐका. एकदा नाही, निदान दोनदा. मग आवडो वा न आवडो. पण जे काही मत होईल, ते तुमच्या स्वतःच्या कानांनी केलेलं असू दे. आणि आईबाबांनो, त्या चाळीस मिनिटांपुरतं 'आवाज कमी कर' म्हणू नका. जमलं तर शेजारी येऊन बसा. पांढरी बाजू आवडली की काळी, यावर घरात भांडण झालं, तर मला जरूर कळवा!