कसणे

शेतकरी जमीन कसतो, अडचणीत सापडलेला माणूस कंबर कसतो. चाकाचे नटही खरे तर कसायचे असतात. आपण मात्र ते आवळतो. या दोन क्रियापदांत मला फरक जाणवतो तो मापाचा.

साधारण 10,000 किलोमीटरनंतर मी परभणीतल्या एका दुकानात टायरांची अदलाबदल करून घेतो. पुढचे मागे, मागचे पुढे, झीज सारखी व्हावी म्हणून. चाके चढली की तिथला मुलगा एअर गनने नट बसवतो आणि वर पान्यावर उभा राहून एक उडी मारतो. ‘सर, आता हलणार नाही.’ त्यात आपुलकी असते; म्हणूनच त्याला थांबवणे अवघड.

वस्तुतः चाक धरून ठेवतो तो बोल्टातला ताण. नट फिरवला की बोल्ट किंचित लांबतो आणि स्प्रिंगसारखा चाकाला हबवर दाबून धरतो. बैलगाडीच्या चाकावर लोहार तापलेली धाव चढवी. निवताना ती आकसून लाकूड घट्ट धरी. तत्त्व तेच. ताण कमी पडला तर नट सैल होत जातात. अति झाला तर बोल्ट मूळ लांबीवर परतत नाही, प्रसंगी तुटतो. म्हणून गाडीच्या पुस्तिकेत आकडा दिलेला असतो. 100 न्यूटन-मीटर म्हणजे अर्धा मीटर लांब पान्याच्या टोकाला सुमारे 20 किलोंचा भार; उभ्या माणसाची उडी नव्हे. नट आधी हाताने लावावेत, मग समोरासमोरचे क्रमाने कसावेत, आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत.

एका पावसाळ्यात जिंतूरहून परतताना, बोरी ओलांडल्यावर, पत्नीच्या गाडीचे चाक पंक्चर झाले. स्टेपनी होती, जॅक होता, चाक बदलण्याचे ज्ञानही होते. नट हलला नाही. दोन तास ती अंधारात अनोळखी मदतीची वाट पाहत बसली. तिच्या सुरक्षिततेसाठी मारलेल्या उडीनेच तिची वाट अडवली होती.

आता मी टॉर्क पान्याचा आग्रह धरतो. ‘सर, भरवसा नाही का?’ असे दुकानदार दुखावून विचारतो. मोजणे म्हणजे संशय घेणे, ही समजूत आपल्या अंगवळणी पडली आहे; प्रबंध पुन्हा तपासून आणा म्हटले की विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावरही तीच उमटते. त्या दुकानदाराला मी एवढेच सांगतो, की हा नट उद्या कोणाला तरी रस्त्यात, एकट्याने, सोडवावा लागणार आहे. आपला जोर त्या हाताला पेलेल इतकाच असावा.