मोंग्वी : मठाचे गाव, धुक्यातले साधू

कोलंबियाची राजधानी बोगोटापासून ईशान्येस सुमारे 200 किलोमीटरवर, अँडीज पर्वतात मोंग्वी हे लहानसे नगर वसले आहे. उंची सुमारे 2,900 मीटर. स्पॅनिश राजवटीत 1601 साली स्थापन झालेल्या या गावाची पांढऱ्या भिंतींची, हिरव्या दारांची घरे आजही जुने रूप जपून आहेत. चौकात दगडी चर्च आणि त्याला लागून फ्रान्सिस्कन साधूंचा मठ उभा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस आरंभलेले हे काम पुरे होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. अकिंचन साधू आणि भव्य वास्तू हा मेळ जैन वाचकांना परका वाटणार नाही.

गावाचा व्यवसाय मात्र अनपेक्षित आहे : हाताने शिवलेले फुटबॉल. 1930च्या दशकात लादिनो कुटुंबाने रुजवलेली ही कला घरोघरी पसरली. पूर्वी चेंडू चामड्याचे असत; आता कृत्रिम कापडही वापरतात. स्वस्त आयात मालापुढे हा धंदा टिकवणे सोपे नाही.

गावामागे ओसेताचे उंच, ओलसर माळरान आहे. तेथील ‘फ्रायलेहोन’ या वनस्पतीचे नावच ‘थोरला साधू’ अशा अर्थाचे. तिची लोकरी पाने धुके टिपून पाणी जमिनीत मुरवतात. त्यावर खालचे ओढे वाहतात. तिची वाढ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर. पुरुषभर उंचीचे झाड शतकाहून जुने असू शकते.

म्हणून मोंग्वीच्या पाहुण्याने डोंगरावर पायवाट सोडू नये आणि परतताना हातशिलाईचा एक चेंडू अवश्य घ्यावा.